हाली आणि कलदार: मराठवाड्यात जुन्या कागदी नोटांचा संग्रह कसा करावा

मराठवाड्यात राहून ब्रिटिश अमदानीतील कागदी नोटांचा संग्रह करू इच्छिणाऱ्याने इंग्रज सरकारच्या नोटांच्या मागे लागण्याआधी निजाम सरकारच्या नोटा समजून घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा सारा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे चलन स्वतंत्र होते. कागदोपत्री त्याला उस्मानिया सिक्का म्हणत. मोंढ्यात, आठवडी बाजारात आणि सावकाराच्या ओसरीवर ते हाली म्हणूनच ओळखले जाई, तर इंग्रजी रुपयाला कलदार हे नाव होते. कलदाराचा भाव चढा असे. शंभर कलदार रुपयांसाठी 116 हाली रुपये, 10 आणे आणि 8 पै मोजावे लागत, म्हणजे सहा कलदारांना सात हाली असा हिशोब पडे. बार्शीसारखी इंग्रजी मुलखातील पेठ सरहद्दीला लागूनच होती, मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी रेल्वे 1900 च्या सुमारास सुरू झाली होती, आणि औरंगाबाद व जालना येथे लष्करी छावण्या होत्या. त्यामुळे येथील व्यापाऱ्यांच्या पेट्यांत दोन्ही चलने शेजारी-शेजारी राहिली, आणि आज जुन्या वाड्यांच्या माळवदाखालून किंवा आडतीच्या वह्यांमधून जो कागद बाहेर येतो त्यातही ती अशीच मिसळलेली सापडतात.

हालीपासून सुरुवात करण्याचे कारण केवळ प्रांताभिमान नाही. या नोटा वाचायला लागणारी सामग्री आपल्या भागात हाताशी आहे. उर्दू वाचणारी माणसे प्रत्येक तालुक्याच्या गावी भेटतात, फसली सन, म्हणजे संस्थानच्या महसुली कारभारातील कालगणना, जुन्या कागदांमुळे आधीच्या पिढीला ठाऊक आहे, आणि नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू व कन्नड मजकूरही असतो. मुंबई-पुण्याच्या संग्राहकाला ज्या गोष्टी पुस्तकातून शिकाव्या लागतात त्या आपल्याला शेजारच्या घरी जाऊन विचारता येतात.

काय गोळा करायचे ते आधी ठरवावे

पहिल्या महायुद्धाच्या काळात चांदीची टंचाई झाली आणि नाणी पुरेनाशी झाली. त्या अडचणीतून हैदराबाद सरकारने 1918 मध्ये कागदी चलनाचा कायदा केला. त्याच वर्षी दहा आणि शंभर रुपयांच्या, पुढच्या वर्षी एक आणि पाच रुपयांच्या आणि 1926 मध्ये हजार रुपयांच्या नोटा निघाल्या. सुरुवातीच्या नोटा लंडनच्या वॉटरलो अँड सन्स या छापखान्यात तयार होत. पुढे हे काम नाशिकच्या छापखान्याकडे आले. ब्रिटिश हिंदुस्थानच्या त्या काळातील नोटांवर राजाचा चेहरा असतो, मात्र हैदराबादच्या नोटेवर निजामाचा चेहरा कधीच छापला गेला नाही. म्हणून कोणी 'निजामाच्या फोटोची अस्सल नोट' दाखवू लागला, तर तिथेच बोलणे थांबवलेले बरे.

यातून संग्रहाच्या तीन वाटा निघतात. प्रत्येक मूल्याची एक-एक नोट मिळवणे ही पहिली वाट. ती ऐकायला सोपी आहे, परंतु शंभर आणि विशेषतः हजाराची नोट सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची असल्याने हा संग्रह बहुधा अपुराच राहतो. दुसरी वाट सनावार गोळा करण्याची आहे आणि तिला अमाप चिकाटी लागते. तिसरी स्वाक्षऱ्यांची वाट नव्या संग्राहकाने धरावी असे मी सुचवेन. नोटांवर संस्थानच्या अर्थखात्याच्या प्रमुखाची सही असे, आणि या सह्या क्रमाने लावल्या की संस्थानच्या शेवटच्या तीन-साडेतीन दशकांचा राजकीय इतिहास एका अल्बममध्ये उभा राहतो. आरंभी ग्लॅन्सी या इंग्रज अधिकाऱ्याची सही दिसते. नंतर अकबर हैदरी येतात; त्यांना 'हैदर नवाज जंग' हा किताब होता, त्यामुळे नाव आणि किताब या दोन्ही रूपांतल्या सह्या वेगळ्या माणसांच्या समजून नवखा संग्राहक गोंधळतो. चाळीसच्या दशकात गुलाम मुहंमद आणि झाहिद हुसेन यांच्या सह्या सापडतात. यांपैकी पहिले पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले आणि दुसरे तेथील मध्यवर्ती बँकेचे पहिले गव्हर्नर. शेवटी शेवटी जी. एस. मेलकोटे यांची सही येते आणि ती पाहून अनेकांना आश्चर्य वाटते, कारण मेलकोटे हे 1952 च्या निवडणुकीनंतर आलेल्या लोकनियुक्त मंत्रिमंडळातील अर्थमंत्री होते. पोलीस कारवाईने निजामाचे राज्य संपले, हाली चलन मात्र त्यानंतरही काही वर्षे व्यवहारात होते आणि पन्नासच्या दशकात टप्प्याटप्प्याने मागे घेतले गेले. तेव्हा प्रत्येक हाली नोट 1948 च्या आधीची असते हा समज सोडून द्यावा; विक्रेते त्याचा फायदा घेऊन उशिराच्या, तुलनेने सहज मिळणाऱ्या नोटा जुन्या म्हणून खपवतात.

एक, पाच आणि दहा रुपयांच्या नोटा स्वाक्षरीवार जमवणे हे ध्येय दोन-चार वर्षांत बरेचसे गाठता येते, आणि तोपर्यंत डोळा तयार झालेला असतो.

नोट वाचायला शिकणे

हैदराबादच्या ज्या नोटांवर सन आहे तो फसली आहे. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन मिळतो; मात्र संस्थानात फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून 1331 फसली हे ऑक्टोबर 1921 ते ऑक्टोबर 1922 असे दोन इसवी वर्षांत पसरते, आणि नोंद करताना '1921-22' असेच लिहावे. सर्व नोटांवर सन नसतो. तिथे काळ स्वाक्षरीवरूनच ठरवावा लागतो. उर्दू अंक शिकायला एक संध्याकाळ पुरते. एक आणि नऊ ओळखीचे वाटतात, शून्य म्हणजे नुसता ठिपका, सात म्हणजे वर उघडलेला कोन आणि आठ म्हणजे खाली उघडलेला कोन. खरा घोटाळा चार, पाच आणि सहा यांच्यात होतो, कारण झिजलेल्या नोटेवर त्यांच्या रेषा एकमेकींत मिसळतात. अशा वेळी अंदाजाने वाचू नये. उर्दू जाणणाऱ्याला नोटेचे मोठे केलेले छायाचित्र दाखवावे.

ब्रिटिश सरकारच्या नोटांचे वाचन वेगळ्या गोष्टींवर चालते. 1861 च्या कायद्याने सरकारने नोटा काढण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. पहिल्या नोटांवर व्हिक्टोरिया राणीची प्रतिमा होती; त्यांच्या बनावट प्रती निघाल्यामुळे 1867 पासून प्रतिमा जाऊन नक्षीदार छपाईच्या, एका बाजूनेच छापलेल्या पांढऱ्या नोटा आल्या. या नोटा ठरावीक 'सर्कल'च्या, म्हणजे नोटा काढणाऱ्या विभागाच्या, असत आणि मूळ नियमाप्रमाणे त्या सर्कलच्या हद्दीतच कायदेशीर चलन मानल्या जात. 1903 मध्ये पाच रुपयांच्या नोटेपासून हे बंधन सैल होऊ लागले आणि 1911 पर्यंत दहा, पन्नास व शंभर रुपयांच्या नोटाही देशभर चालू लागल्या. सुरुवातीच्या सर्कलांमध्ये मुंबई, नागपूर यांच्याबरोबर आपल्या परभणी-हिंगोलीच्या उत्तरेला असलेल्या अकोल्याचेही नाव होते, ही गोष्ट वऱ्हाडातल्या लोकांनाही फारशी ठाऊक नसते. अकोल्याचे नाव असलेली नोट मिळण्याची आशा कोणी धरू नये. तशी नोट कोणी सहज विकायला आणली तर मात्र संशय धरावा.

याच नोटांच्या बाबतीत 'अर्धी नोट' हा प्रकार समजून घेतला पाहिजे. टपालातून पैसे पाठवताना चोरी होऊ नये म्हणून व्यापारी नोट मधोमध कापून एक अर्धा भाग आधी पाठवीत, तो पोहोचल्याची खबर आली की दुसरा पाठवीत, आणि घेणारा दोन्ही तुकडे मागून कागदाची पट्टी लावून जोडी. म्हणून नोटेच्या दोन्ही अर्ध्यांवर क्रमांक छापलेला असे. अशी जोडलेली नोट सदोष मानून टाकून देऊ नये. दोन्ही बाजूंचे क्रमांक तंतोतंत जुळत असतील तर ती त्या काळच्या व्यवहाराचा उत्तम पुरावा आहे; क्रमांक वेगळे असतील तर दोन निराळ्या नोटांचे तुकडे कोणीतरी नंतर जोडलेले आहेत.

ज्यांचा खिसा एवढा खोल नाही त्यांनी विसाव्या शतकातील नोटांकडे वळावे. 30 नोव्हेंबर 1917 रोजी एक रुपयाची नोट निघाली आणि पाठोपाठ दोन रुपये आठ आण्यांची. दोन्ही नोटा महायुद्धाच्या अडचणीपोटी आल्या आणि 1 जानेवारी 1926 पासून खर्च परवडेना म्हणून बंद झाल्या. एक रुपयाची ही नोट पंचवीस नोटांच्या पुस्तिकेतून फाडून देत, त्यामुळे तिच्या डाव्या कडेला टपालतिकिटासारखे दाते असतात. नवखा माणूस त्यांना फाटलेली कड समजतो आणि एखादा अतिउत्साही विक्रेता ती कड कातरून 'सरळ' करतो, ज्यामुळे नोटेची किंमतच जाते. या नोटांवर गबे, मॅकवॉटर्स आणि डेनिंग या तिघा सरकारी अधिकाऱ्यांच्या सह्या मिळतात, आणि त्या तिन्ही मिळवणे हा छोटा पण समाधान देणारा उपक्रम आहे. दोन रुपये आठ आण्यांची नोट मात्र खरोखर दुर्मिळ आणि महाग असल्याने तिच्या नकलाही भरपूर आहेत.

रिझर्व्ह बँकेची पहिली नोट जानेवारी 1938 मध्ये आली. ती पाच रुपयांची होती, तिच्यावर सहावा जॉर्ज होता आणि सही बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर जेम्स टेलर यांची होती. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची सही येते. या दोन सह्यांची जोडी मराठी संग्राहकाने आवर्जून मिळवावी, कारण ती अजूनही फार महाग नाही. दोन रुपयांची नोट 3 मार्च 1943 रोजी चलनात आली तेव्हा तिच्यावर टेलर यांची सही होती, आणि टेलर त्याआधीच फेब्रुवारीत वारले होते. युद्धकाळात जपान्यांनी भारतीय नोटांच्या उत्तम नकला केल्यामुळे आधी जलचिन्ह बदलले, नंतर राजाचा बाजूने दिसणारा चेहरा समोरून दाखवला जाऊ लागला आणि भारतात प्रथमच नोटेत सुरक्षा धागा आला. हा बदल ओळखता आला की चाळीसच्या दशकातील नोटांचा क्रम आपोआप लावता येतो.

कागदाची पारख

नोटेवरचा मजकूर सगळेच पाहतात. संग्राहकाने आधी कागद पाहावा. दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक साधी विजेरी आणि एक अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी एवढी सामग्री पुरते.

नोट प्रथम दिव्यासमोर धरावी. जलचिन्ह कागदाच्या आत असते, त्याच्या कडा मऊ दिसतात आणि उजेड मागे नसताना ते जवळजवळ नाहीसे होते. वरून छापलेले खोटे चिन्ह उजेड नसतानाही दिसत राहते. याच वेळी टाचणीची छिद्रे मोजावीत. त्या काळी नोटांच्या गड्ड्या टाचणीने टोचून ठेवण्याची पद्धत होती, त्यामुळे डाव्या बाजूला एक-दोन छिद्रे असणे स्वाभाविक आहे. छिद्रे अजिबात नसतील आणि त्या जागी कागद किंचित जाड किंवा ढगाळ दिसत असेल, तर ती लगदा भरून बुजवली आहेत. नंतर अतिनील विजेरी लावावी. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात चमक आणणारी रसायने सर्रास आली. जुना कागद या प्रकाशात मंद, निस्तेज राहतो आणि नवा कागद निळसर-पांढरा पेटून उठतो. संपूर्ण नोट चमकली तर ती नक्कल समजावी, एखादाच ठिपका किंवा पट्टी चमकली तर तिथे दुरुस्ती झालेली आहे. मात्र धुतलेली अस्सल नोटही साबणामुळे चमकू शकते, म्हणून या एकाच चाचणीवर निवाडा करू नये. भिंगाखाली नक्षीच्या रेषा सलग दिसल्या पाहिजेत. संगणकावर काढलेल्या प्रतीत त्या रंगीत ठिपक्यांत फुटतात.

धुणे आणि इस्त्री ही आपल्याकडची दोन मोठी दुखणी आहेत. मळकी नोट धुऊन, दाबून विकली की ती नवीकोरी वाटते आणि भाव दुप्पट होतो. हाताला कळणारी खूण अशी की अस्सल कोऱ्या नोटेचा कागद कडक असतो, तिला हलवले की खुळखुळ आवाज येतो आणि छपाई बोटाला किंचित उंच लागते. इस्त्री केलेली नोट सपाट आणि निर्जीव वाटते, तिच्या घड्या दिसत नाहीत पण दिवा तिरपा धरला की घडीच्या जागी तुटलेल्या तंतूंची रेषा उमटते. संग्राहकांच्या बोलीत यूएनसी (न वापरलेली, कोरी), एक्सएफ (अत्युत्तम), व्हीएफ (खूप चांगली), फाइन (वापरलेली पण चांगली) असे उतरते दर्जे असतात. ते विक्रेत्याने सांगितले म्हणून मानू नयेत. घड्या, कोपरे, फाटलेल्या कडा, छिद्रे आणि डाग स्वतः मोजून दर्जा ठरवावा. महागड्या नोटा परदेशी परीक्षण संस्थांकडून तपासून बंद पाकिटात मिळतात. पाकिटावरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळून, तिथले छायाचित्र आणि हातातली नोट एकच आहे ना हे पाहिल्याशिवाय त्या पाकिटाला काही अर्थ नाही, कारण पाकिटांच्याही नकला होतात.

मराठवाड्यातील घरगुती नोटांवर एक डाग वारंवार दिसतो, तो हळदीकुंकवाचा. लक्ष्मीपूजनाला पेटीतल्या जुन्या नोटा पुजण्याची पद्धत असल्यामुळे कोपऱ्यावर लाल-पिवळे ठिपके राहतात. बाजाराच्या हिशोबाने हा दोष आहे आणि किंमत कमी होते, तरीही तो काढण्याचा प्रयत्न करू नये. कुंकवाचा रंग पाण्याने पसरतो आणि एका ठिपक्याचा अर्धी नोट व्यापणारा गुलाबी ढग होतो. मला स्वतःला अशा नोटा आवडतात, पण हा आवडीचा भाग झाला. विकत घेताना किंमत डागाची धरूनच सांगावी.

बुडालेल्या जहाजांच्या नोटांबद्दल थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण हैदराबादचा त्यांच्याशी थेट संबंध आहे. मे 1922 मध्ये 'ईजिप्त' हे जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाले. त्यावर सोन्याचांदीबरोबर लंडनहून निघालेल्या हैदराबादच्या नोटाही होत्या. पुढे 1930 च्या दशकात इटालियन पाणबुड्या माणसांनी खोल समुद्रातून माल वर काढला तेव्हा या नोटाही आल्या. हैदराबादेत पोहोचण्याआधीच त्या बुडाल्यामुळे त्यांच्यावर सही नाही, आणि समुद्राच्या पाण्याने कागद डागाळलेला आहे. काही नोटांच्या मागे जहाजातून वाचवल्याचा इंग्रजी शिक्का मारलेला असतो. त्यामुळे फसवणूक दोन प्रकारांनी होते: सही नसलेल्या अस्सल नोटेवर नंतर सही रेखाटून ती चलनातली म्हणून विकली जाते, किंवा साध्या डागाळलेल्या नोटेवर शिक्का मारून ती जहाजातली ठरवली जाते. सही भिंगाखाली पाहावी. छापील सहीची शाई नोटेच्या इतर छपाईसारखी बसलेली असते, हाताने काढलेल्या सहीची शाई तंतूंवरून पसरते. नोटांच्या बाजारात पाकिस्तानचे नाव छापलेल्या सहाव्या जॉर्जच्या नोटाही अशाच धोक्याच्या आहेत, कारण तिथे साध्या नोटेवर चार शब्द छापले की किंमत अनेक पटींनी वाढते.

शोध आणि खरेदी

नोटा मिळण्याच्या जागा दोन प्रकारच्या. सराफा, जुना बाजार, मोठ्या शहरांतील नाणे-प्रदर्शने आणि लिलाव हा एक प्रकार. लिलावाची जुनी सूचीपत्रे आणि निकाल अनेक लिलावगृहे खुले ठेवतात. खरेदीपूर्वी निदान वर्षभर ते वाचत राहावे, कारण भावाचा अंदाज विक्रेत्याच्या सांगण्यावरून येत नाही, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीवरून येतो. लिलावात बोलीखेरीज लिलावगृहाची टक्केवारी आणि कर लागतात, हे विसरून लोक हौसेने हात वर करतात.

दुसरा प्रकार घरांचा. आडतदार, वतनदार, वकील, गुत्तेदार अशा घराण्यांच्या रोजमेळ-खतावण्यांमध्ये, पोथ्यांच्या रुमालात, ट्रंकेच्या तळाशी अंथरलेल्या कागदाखाली नोटा निघतात. येथे संग्राहकाच्या सचोटीची परीक्षा असते. घरातल्या आजींना त्या कागदाची किंमत माहीत नसते आणि आपल्याला असते. अशा वेळी दर्जानुसार बाजारभाव काय आहे ते घरातील तरुण माणसांसमोर सांगावे, हवे तर अलीकडच्या लिलावाचा निकाल दाखवावा, आणि मगच दर बोलावा. असे वागणाऱ्याला पुढच्या चार घरांचे दार त्याच घरातून उघडते, आणि तालुक्याच्या गावात नाव खराब व्हायला फार वेळ लागत नाही. खरेदीची साधी पावती करावी: तारीख, नोटेचा क्रमांक, मूल्य, दिलेली रक्कम आणि विकणाऱ्याची सही. नोट वहीत सापडली असेल तर वहीचे ते पान, तारखेसह, छायाचित्रात घ्यावे. घरच्यांची तयारी असेल तर नोट आणि वही एकत्रच ठेवण्याचा आग्रह धरावा.

नोटेबरोबर येणाऱ्या कहाणीला मात्र किंमत देऊ नये. 30 जानेवारी 1948 रोजी नांदेडजवळील उमरी येथील बँक स्वातंत्र्यसैनिकांनी मुक्तिलढ्यासाठी लुटली, ही इतिहासातील गोष्ट आहे. 'ही नोट त्या लुटीतली' असे कोणी सांगितले, तर त्याच्याकडे क्रमांक नमूद असलेला तत्कालीन कागद असेल तरच त्या विधानाला वजन आहे. एरवी ती त्याच मूल्याची, त्याच दर्जाची एक हाली नोट आहे आणि तेवढाच तिचा भाव.

समाजमाध्यमांवर 'जुनी नोट द्या, लाखो रुपये घ्या' अशा जाहिराती सुरूच असतात. त्यांत आधी नोंदणीशुल्क, मग कर, मग कमिशन असे पैसे उकळले जातात आणि बहुतेकदा रिझर्व्ह बँकेचे नाव पुढे केले जाते. आपण अशा व्यवहारांत नाही आणि कोणतेही शुल्क मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीरपणे सांगितले आहे. खरा खरेदीदार विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे मागत नसतो.

जतन

आपल्या भागात उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, हवा कोरडीठाक होते, आणि पावसाळ्यात दोन-तीन महिने भिंती ओल धरतात. कागदाला खरे नुकसान या चढउताराने होते. त्यामुळे नोटा वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली किंवा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नयेत. घराच्या मधल्या खोलीत, आतल्या भिंतीजवळ, जमिनीपासून उंच असलेले कपाट निवडावे. जुन्या माळवदाच्या घरांत ही मधली खोली सगळ्यात थंड असते.

पाकिटे पॉलिएस्टरची घ्यावीत. बाजारात नोटा ठेवण्यासाठी मिळणारे स्वस्त, मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे अल्बम पीव्हीसीचे असतात. काही वर्षांत ते चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. लॅमिनेशन केलेली नोट संग्रहाच्या दृष्टीने संपली. चिकटपट्टीही कधी लावू नये, कारण तिचा पिवळा डाग कागदाच्या आरपार जातो आणि निघत नाही. फाटलेली नोट तशीच पाकिटात ठेवावी.

कसर आणि वाळवी हे दोन शत्रू. डांबराच्या गोळ्या कपाटात टाकण्याची आपली सवय नोटांच्या बाबतीत सोडावी, त्यांची वाफ प्लॅस्टिकला आणि शाईला बाधते. कडुनिंबाचा पाला तर ओलसर राहून स्वतःच डाग पाडतो. अल्बम हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, पुड्या पावसाळ्यात बदलाव्यात, आणि दर दोन महिन्यांनी सगळी पाने उघडून पाहावीत. लाकडी फडताळाला वाळवीची माती दिसली तर नोटा त्याच दिवशी हलवाव्यात. नोट हाताळताना हात धुऊन कोरडे करावेत, ती कडांना धरावी, आणि तिच्यावर पेन्सिलीनेही काही लिहू नये. भिंतीवर चौकटीत लावण्याची हौस असेल तर रंगीत प्रत लावावी.

नोंद आणि कायदा

प्रत्येक नोटेची नोंद घेताच करावी: मूल्य, क्रमांक, सही, फसली आणि इसवी सन, मिलिमीटरमध्ये आकार, दोषांची यादी, कोठून व कितीला घेतली, आणि दोन्ही बाजूंचे स्कॅन. स्कॅन किमान सहाशे डीपीआयचे असावे, म्हणजे पुढे चोरी झाली तर घड्या आणि छिद्रांवरून नोट ओळखता येते.

कायद्याची एकच बाब नीट लक्षात ठेवावी लागते. पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृतींविषयीच्या 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाहीत. म्हणजे पहिल्या हाली नोटा, 1917 ची एक रुपयाची नोट आणि त्याआधीच्या सर्व इंग्रजी नोटा आता या मर्यादेत आल्या आहेत, आणि दर वर्षी त्यांत भर पडत जाते. परदेशी परीक्षण संस्थेकडे अशी नोट पाठवण्याचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात नियम विचारावेत. टपालात टाकून नंतर विचारण्यात अर्थ नाही.

नोंदवहीची एक प्रत संग्रहापासून वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि ती घरच्यांना समजेल अशा साध्या मराठीत असावी. तिच्या पहिल्या पानावर कोणत्या तीन-चार नोटा सर्वांत मौल्यवान आहेत, त्या विकायची वेळ आली तर कोणाला विचारावे, आणि कोणत्याही नोटेला पाणी, इस्त्री किंवा चिकटपट्टी लावू नये, एवढे लिहून ठेवावे.